मदत हवी आहे: दुपारी सीओटू प्लांटच्या रिसीव्हरचा दाब चढतो

मंडळी, शीतगृहाचा ट्रान्सक्रिटिकल बूस्टर प्लांट आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर (सीओटू) चालणारा, गरम हवेत क्रिटिकल बिंदूच्या वर काम करणारा, दोन टप्प्यांत दाब चढवणारा. बाष्पीभवन चिल्डला (माल न गोठवता थंड ठेवणारा भाग) उणे ८ अंश, फ्रीझरला उणे ३०. गॅस कूलरच्या (बाहेरच्या हवेने गरम सीओटू थंड करणारं कॉइल) आउटलेटला २५ अंश असेपर्यंत रिसीव्हर (पुढे द्रव-वायू साठवणारी टाकी) ३५ बारवर शांत. दुपारी आउटलेट ३८ वर गेलं की रिसीव्हर ४१-४२ बार गाठतो. फ्लॅश गॅस (दाब उतरताना होणारा वायू) रिसीव्हरमधून कॉम्प्रेसरच्या सक्शनला सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, चिल्डचे सगळे कॉम्प्रेसर फुल लोडवर, तरी सक्शनचा दाब वर सरकतच राहतो. रिसीव्हरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ४५ बारचा. एकदा उडाला की चार्ज, म्हणजे भरलेला सीओटू, गेला.

३१ अंशांच्या (क्रिटिकल बिंदूच्या) वर सीओटू द्रव होतच नाही. ३८ अंशांवर ९५ बारवरून ३५ वर उतरवला तरी जवळपास निम्मा वायूच होणार, इथवर ठीक. खटकतंय ते हे, की हाय साइड (गॅस कूलरकडची जास्त दाबाची बाजू) ९५ ऐवजी ८८ वरच अडकते. क्रिटिकल बिंदूजवळ दाब थोडा कमी पडला तरी एन्थाल्पी (सीओटूतली एकूण उष्णता) भरपूर वाढते, म्हणजे फ्लॅश गॅस आणखी जास्त.

आउटलेटचा सेन्सर तपासला, बरोबर आहे. गॅस कूलरकडून रिसीव्हरकडे दाब उतरवणारा हाय प्रेशर व्हॉल्व्ह मात्र किमान उघडण्याच्या मर्यादेवर, २० टक्क्यांवर, टेकलेला दिसतो. व्हॉल्व्ह मोठा निवडला गेलाय का? मर्यादा १० वर आणली तर लोड कमी असताना दाब एकदम उसळेल का?

हे सुटल्यावरच पॅरलल कॉम्प्रेसर (फ्लॅश गॅस थेट ओढणारा वेगळा कॉम्प्रेसर) की गॅस कूलरला हवा गार करणारे ओले पॅड, हा खर्चाचा प्रश्न. ज्यांनी दोन्ही चालवलंय त्यांनी सांगावं. पॅडवर क्षार धरतात, त्याचाही हिशेब हवा.