मर्तिकाचा पहिला फोन ज्यांना जातो, ती माणसं : तुमचे अनुभव

आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात कुणी गेलं, की पाहुण्यारावळ्यांच्या आधी फोन अप्पांना जायचा. बसस्टँडच्या मागे त्यांचं दुकान. पाटीवर ‘अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘बांबू, सुतळी, तट्टे, माठ’. गेल्या पावसाळ्यात अप्पा गेले. मातीला सगळा बाजार बंद होता. आणि तिरडी कुणी बांधायची यावर अंगणात चर्चा सुरू झाली! वर्षानुवर्षं ते काम एकाच माणसानं केलेलं. बघितलं सगळ्यांनी, हात कुणाचाच बसलेला नाही. शेवटी त्यांच्या थोरल्यानं बांधली.

त्यांची बांधायची रीत मात्र डोळ्यांपुढे आहे. दोन ओले बांबू, माणसाच्या उंचीपेक्षा चांगले लांब, म्हणजे पुढच्या-मागच्या खांदेकऱ्यांना जागा राहते. मध्ये आडव्या कामट्या. सुतळी आधी बादलीत बुडवायचे, भिजलेली सरकत नाही म्हणायचे. वर पेंढा, त्यावर पांढरं कापड. हे चालू असताना घरातला जो सगळ्यात जास्त कोसळलेला असेल त्यालाच हाक मारायचे, “बाळा, एवढं टोक धर.” माझे वडील गेले तेव्हा ते टोक माझ्या हातात होतं. नीट ताणून धर म्हणून रागावलेसुद्धा.

दुकानातून निघणाऱ्याला ‘या परत’ असं ते कधी म्हणाले नाहीत. माठ घेऊन जाणाऱ्यालाही नाही.

तुमच्या गावात असं कोण होतं, किंवा आहे? दुकानदार, सुतार, शववाहिनीचा ड्रायव्हर, स्मशानातला राखणदार, बायकांना शेवटची अंघोळ घालणारी मावशी, कुणीही. त्यांच्या घरादाराबद्दल ठाऊक असेल तर तेही लिहा.

*

त्याच गावातून

अप्पांचे 2021 चे, करोनातले एप्रिल-मे राहिले, म्हणून लिहितोय. तेव्हा खांदा नाही, मडकं नाही, देह प्लास्टिकच्या पिशवीत बंद. घरचे निम्मे दवाखान्यात, निम्मे क्वारंटाइन. नगरपालिकेच्या पोरांबरोबर अप्पा ते पांढरं किट घालून उभे असायचे, वय साठीच्या पुढे. मुलानं भांडून पाहिलं, ऐकलं नाही. सावडायला कुणी येऊ शकत नव्हतं. राखेतनं काही लागण होत नाही असं सरकारनंच सांगितलं होतं, पण लोकांची छाती होत नव्हती. अप्पांनी प्रत्येकाच्या अस्थी वेगळ्या गाडग्यात भरल्या, तोंडाला फडकं बांधलं, चिठ्ठीवर नाव-तारीख लिहिली आणि शेडच्या आढ्याला ओळीनं टांगून ठेवल्या. दिवाळीपर्यंत लोक येऊन नेत होते. आमच्या काकूंच्या तिथूनच आणल्या.

त्या दोन महिन्यांत ते घरी झोपले नाहीत. दुकानातच पथारी. त्यांच्या घरच्या काकी, म्हणजे अप्पांची बायको, सकाळ-संध्याकाळ पायरीवर डबा ठेवायच्या आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून त्यांचं जेवण होईपर्यंत तिथूनच भांडायच्या. मिठापासून औषधापर्यंत सगळ्यावरून. अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जायचं.

*

कोल्हापूर

आमच्यात असा एकटा माणूस नाही बघा. पेठेत कुणी गेलं की तालमीची पोरं गोळा होतात. एक साहित्य आणायला, एक फळ्यावर लिहायला, एक पाहुण्यांना फोन लावायला. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहन मोफत करते आणि चितेला लाकडापेक्षा शेणीच जास्त. होळीला लोक होळी लहान करतात आणि शेणी स्मशानभूमीला दान देतात, ट्रॉल्या भरून येतात. त्यामुळं गरिबाला ‘लाकडाचे किती?’ हा प्रश्न पडत नाही. माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या चांगुलपणावर गावानं अवलंबून राहावं हे मला पटत नाही. अप्पांबद्दल आदर आहेच.

*

सिंधुदुर्ग

दुकान वगैरे आमच्याकडे नाही. वाडीत मर्तिक झालं की घरटी एक माणूस कोयता घेऊन निघायचा. आंबा किंवा जे झाड ठरेल ते तोडायचं, ओंडके वाहायचे. हे सगळं हलवणारे आमचे तात्या. कुणाच्या आवाठात कोणतं झाड पोकळ झालंय, कुणाच्या खोपीत सुकी लाकडं आहेत, हे त्यांना पाठ. आषाढात ओलं लाकूड पेटत नाही, तेव्हा हे पाठांतर उपयोगी पडतं.

आता वाडीतली निम्मी घरं गणपतीपुरती उघडतात. मुंबईत गेलेल्या माणसाला रातोरात ॲम्ब्युलन्सनं गावी आणतात, पोचता पोचता उजाडतं. तात्या कणकवलीच्या पुढे गाडी आली की फोन करायला सांगतात आणि मग खांद्याला माणसं जमवत फिरतात, शेजारच्या वाडीतूनसुद्धा. हल्ली त्यांच्या सूनबाई ग्रुपवर मेसेज टाकतात. तात्यांचा त्यावर विश्वास नाही, ते चालतच जातात.

*

मराठवाडा, आता पुणे

माझे वडील एका बाजाराच्या गावात हेच दुकान चालवायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सुरुवातीला लिहिलंय ना, घरादाराबद्दल लिहा म्हणून, तर थोडं मोठं होईल.

आमच्याकडे बंबात पाणी कायम तापलेलं. रात्री दोनला आले तरी मागच्या दारानं न्हाणीघर, कपडे बादलीत, अंघोळ, मगच घरात. आई उठायची, चहा टाकायची, ‘कोण होतं?’ एवढंच विचारायची. जेवताना फोन आला तर दादा जेवण पुरं करूनच निघायचे. लोकांना ते निर्दय वाटायचं. पण उपाशीपोटी चितेच्या धगीत तीन-तीन तास उभं राहिलं की घेरी येते, हे सुतकात उपाशी बसलेल्या नातेवाइकांना कोण सांगणार?

बाई गेली असेल तर आई सोबत जायची. न्हाऊ घालायला घरच्या बायका असायच्या, पण त्यांचे हात चालायचे नाहीत. आई केस विंचरून द्यायची. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट, ओटी. एकदा एका म्हातारीच्या सुना गोठ-पाटल्या काढायच्या की ठेवायच्या यावरून प्रेताशेजारी हमरीतुमरीवर आल्या. आईनं साबणाचं पाणी मागवलं, पाटल्या उतरवल्या, सगळ्यांदेखत म्हाताऱ्या सासऱ्यांच्या हातात दिल्या आणि पुढच्या कामाला लागली.

पैशाचं सांगते. दादा तेरावा होईपर्यंत हिशेब काढायचे नाहीत. वहीत नाव लिहून ठेवायचे. तरी उधारी बुडायची नाही, कारण मर्तिकाचं देणं अंगावर ठेवायला लोक भितात! शेजारचा किराणावाला यावरून कायम हळहळायचा. लक्ष्मीपूजनाला आम्हीही वही-पेन मांडायचो, पण धंद्याला बरकत दे म्हणायची सोय नव्हती. दादा हात जोडून नुसते उभे राहायचे आणि धाकटा भाऊ विचारायचा, “काय मागितलंत?” एकदा म्हणाले, “माठ जास्त खपू देत.”

वाईट काय होतं, तर लग्नाची पत्रिका पोस्टानं यायची, अक्षत द्यायला घरी कुणी यायचं नाही. सकाळी सकाळी दादा समोर आले की लोक थट्टा करायचे, “आज कुणाचा नंबर?” ते हसायचे. आई नाही हसायची. शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ इथे मी ‘व्यापार’ लिहायचे, आणि बाईंनी कधी ‘कसला?’ म्हणून विचारलं नाही, गाव तेवढंच. माझ्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आले, कारण न सांगता. तिसऱ्या घरच्या आजोबांनी बैठकीतच सांगितलं की यांनी माझ्या भावाला पुरातून आणलं होतं. तिथेच सोयरीक जमली.

लहान मुलाचं काही झालं की दादा दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे नाहीत. आम्हा दोघांना सायकलवरून शाळेत सोडायचे आणि मधल्या सुट्टीत परत फाटकाशी उभे. हातात भेळेचा पुडा. आम्हाला भेळेचं कौतुक. कारण आईनं पुष्कळ नंतर सांगितलं.

*

एक ग्रामसेवक

ही माणसं आमचं निम्मं काम करतात हे नोंदवून ठेवतो. घरी मृत्यू झाला की शोकात कागदाचं कुणाला सुचत नाही आणि दोन वर्षांनी वारसनोंद, विमा, पेन्शन अडलं की धावपळ. 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत मोफत होते, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्या. आमच्या गावचे साहित्यवाले मामा सामानाच्या पिशवीतच नोंदणीचा अर्ज घालून देतात. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखलाही अंत्यविधीच्या आधीच घ्यायला लावतात. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे लिहा, हे तर ते तिरडी बांधता बांधता ओरडून सांगतात.

*

वसई

आमच्याकडे पेटी करणारा सुतार. कपाटं, देवळाचे बाक आणि शवपेट्या, एकाच रंध्यानं. देवळाची मरणाची घंटा ऐकली की माणूस यायच्या आत त्याचा दिवा लागलेला असायचा. फादरांना मिस्साची वेळ विचारायची आणि तेवढ्यात पेटी तयार करायची. मोठ्या मापाच्या दोन-एक माळ्यावर तयार असत. लहान माप मात्र त्यानं कधी आधी करून ठेवलं नाही, कितीही रात्र झाली तरी तेव्हाच कापायला घ्यायचा. त्याची बायको आतून सॅटिन लावायची, शिलाई मशीनवर चुण्या घालून. आता तयार पेट्या येतात, पॉलिश चकचकीत. दिसतात छान.

*

ओहायो, अमेरिका

वडील आमच्याकडे आले होते आणि इथेच गेले. गाव लहान, देसी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फ्युनरल होम एकच, एकाच घराण्याचं. खाली काम, वर राहणं. तिथला माणूस रात्री स्वतः गाडी घेऊन आला, कोट-टाय घालून. पहिला प्रश्न, “पेसमेकर आहे का?” मला ते विचित्र वाटलं. मग त्यानं समजावलं, तो काढल्याशिवाय दहन करता येत नाही, भट्टीत फुटतो. होता. त्यांनी काढला.

मग म्हणाला, तुमच्यात काय काय करतात ते एका कागदावर लिहून द्या. मी लिहिलं: अंघोळ, धोतर, तुळस, गंगाजल, तोंडात सोन्याचा मणी, मुलाचा अग्नी. त्यानं एकेक ओळ वाचून शेजारी ‘होईल’ किंवा ‘कसं करू, दाखवा’ असं लिहिलं. धोतर नेसवताना तो आणि त्याचा कॉलेजातला मुलगा माझ्या हाताखाली होते. अग्नीच्या ऐवजी बटण. ते माझ्या हातानं दाबायला दिलं. अस्थी इथे दळून भुकटी करतात, ते आधीच शांतपणे सांगितलं, म्हणजे डबा उघडल्यावर आईला धक्का बसला नाही. भारतात न्यायच्या होत्या, तर धातूचा कलश नको म्हणाला, विमानतळाच्या एक्स-रेत आतलं दिसत नाही, लाकडी घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा, पासपोर्ट रद्द करायला वकिलातीला लागेल, बँकेला लागेल. सगळं खरं निघालं.

तेराव्याला आईनं त्याला बोलावलं. मला वाटलं नव्हतं येईल. बायको आणि तिन्ही मुलांना घेऊन आला, बूट दाराबाहेर काढून. मटाराची उसळ त्याला तिखट लागली, कपाळ पुसत जेवला. धाकट्या मुलीनं पुरणपोळी दोनदा मागून घेतली, तर आईनं निघताना चार पोळ्या आणि तुपाची वाटी बांधून दिली. वाटी पुढच्या आठवड्यात त्याच्या बायकोनं परत आणली, ब्लूबेरी भरून.