सोडा नको, पॅन तापवा

डच बेबी, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायचा फुगीर पॅनकेक, फुगत नाही म्हणून त्यात चिमूटभर सोडा घालायचं इथे कुणीतरी सुचवलंय, ते मला पटत नाही. या पॅनकेकमध्ये सोडा किंवा बेकिंग पावडर मुळात नसतेच. अंडी-दुधातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच त्याला कडेने वर उचलते. त्यासाठी भांडं आधीच कडकडीत तापलेलं हवं. मी बिडाचं पॅन ओव्हनमध्येच २२० अंशांवर पंधरा मिनिटं तापवते, त्यात दोन चमचे लोणी वितळलं की लगेच घोळ ओतते: ३ अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, किंचित मीठ. दूध-अंडी फ्रीजमधून काढून थेट वापरू नका, गार घोळाने तापलेलं पॅन निवतं. मग १८-२० मिनिटं दार उघडायचं नाही. बाहेर काढल्यावर तो खाली बसतोच, बिघडला असं समजू नका.

इथल्या चर्चेत फळांबद्दल मात्र कुणीच लिहिलेलं नाही. पहिल्या वेळी मी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या कच्च्याच घोळावर पसरल्या होत्या. त्यांना पाणी सुटलं आणि मधला भाग गिच्च राहिला. तेव्हापासून रसाळ फळं पॅनकेक भाजून झाल्यावरच वर घालते. सफरचंदाच्या फोडी आधी त्याच पॅनमध्ये लोणी, साखर, दालचिनीवर परतायच्या आणि घोळ त्यांच्यावर ओतायचा. ताटात उलटा केला की फोडी आपोआप वर येतात. थंडीतल्या रविवारी घरभर तो दालचिनीचा वास सुटला की मुलं हाका न मारता उठतात.