रेकी घेतल्यापासून आईला धडधड आणि चक्कर, मदत हवी आहे

आम्ही इंदूरला, लोकमान्य नगरात राहतो. आईचं वय ६६. बीपीचा त्रास जुना आहे, त्यासाठी रोज सकाळी ॲटेनोलॉल ५० ची गोळी. गुडघे फार दुखतात म्हणून भिशीतल्या एका मावशींनी तिला रेकी (अंगावर हात ठेवून ऊर्जा देतात म्हणे, तो जपानी उपचार) सुचवली. दिवाळीनंतर ती जायला लागली आणि सुरुवातीला खरंच फरक पडला. झोप लागायला लागली, चिडचिड कमी झाली. बाबा गेल्यापासून कुठे जायचं नाव घेत नव्हती, ती आपणहून सानंदच्या (इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या) नाटकाला निघाली. त्यामुळे रेकीवर माझा राग नाही, हे आधीच सांगते.

उठताना चक्कर मात्र पहिल्यापासून होती. एकदा मी सोबत गेले होते. तासभर उताणी झोपवून रेकी देणाऱ्या मॅडमनी डोळे, गळा, छाती, पोट, गुडघे असे एकेका जागी हात ठेवले. "उठा काकू" म्हटल्यावर आई झटकन उठून बसली आणि चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घामाचे थेंब. दोन मिनिटं ती टेबलाची कड घट्ट धरून बसली होती. मॅडम म्हणाल्या, चांगली खूण आहे, जुनं बाहेर पडतंय.

नंतर तिने स्वतः रेकी शिकायची पहिली पायरी, म्हणजे पहिल्या डिग्रीची दीक्षा घेतली आणि त्रास वाढला. रात्री छातीत धडधड सुरू होते. मला उठवते, माझा हात छातीवर ठेवून म्हणते, "बघ गं, कशी उडतेय." तळहातांना मुंग्या, डोकं जड, मध्ये पोटही बिघडलं. याला हीलिंग क्रायसिस (बरं होण्याआधी त्रास वाढणं) म्हणतात, दीक्षेनंतर २१ दिवस शुद्धी चालते, असं तिला सांगितलंय. रेकीचे मूळ पुरुष मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास करून ध्यान केलं, असं परंपरा सांगते. हा आकडा तिथला. ते दिवस आता पुरे झाले, धडधड काही थांबली नाही. आता मॅडम म्हणतात, हृदयचक्र (छातीतलं ऊर्जेचं केंद्र) फार अडलंय, आणखी सेशन घ्या.

मला हेच खटकतं. बरं वाटलं तर रेकीचा गुण, त्रास झाला तर रेकी काम करतेय. मग थांबायचं कधी, हे कोण ठरवणार? डॉक्टरांकडे चल म्हटलं तर आई म्हणते, ते हसतील.

कोणाला असा त्रास झालाय का? रेकी देणाऱ्यांनीही मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद, बडोद्याहून
माझी दुसरी डिग्री झाली आहे. अंग गरम होणं, मुंग्या, गुंगी, मधेच रडू येणं हे मी पुष्कळ पाहिलंय. रात्र-रात्र धडधड यात बसत नाही. आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कोणाच्या औषधात हात घालायचा नाही आणि छातीची तक्रार आली की आधी डॉक्टर. सध्या सेशन थांबवा. काही बिघडत नाही.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून
ताई, मी नर्स आहे. चक्कर पहिल्यापासून आणि धडधड दीक्षेनंतर, हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून विचारते: गोळी चालू आहे ना? ॲटेनोलॉल एकदम बंद केली तर नाडी भराभर चालते, बीपी उसळतं, हृदयाचा आजार असेल तर छातीत दुखू शकतं. म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. आईंना विचारू नका, आधी स्ट्रिप बघा.

उठतानाची चक्कर वेगळी असू शकते. बराच वेळ आडवं राहून एकदम उठलं की रक्त पायांकडे उतरतं आणि बीपी क्षणभर पडतं. या वयात आणि बीपीच्या गोळ्यांवर हे जास्त होतं. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, थोडं बसून मग उभं राहायचं. भराभर खोल श्वास घेतले तरी मुंग्या येतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. पण हे सगळं तपासूनच ठरेल. ईसीजी आजच काढा. छातीत दुखलं, दम लागला किंवा शुद्ध हरपली तर वाट न बघता १०८.

मूळ प्रश्नकर्तीकडून
ताई, स्ट्रिप बघितली. जवळजवळ भरलेली आहे. दीक्षेच्या दिवसापासून गोळी बंद. तिला कोणी "बंद करा" म्हटलं नव्हतं. "आता शरीर स्वतःला सांभाळेल" एवढंच म्हणाले, आणि तिने त्याचा हा अर्थ घेतला. गुपचूप, मी ओरडेन म्हणून.

घरच्या डॉक्टरांना फोन केला. आपल्या मनाने काही सुरू करू नका, आधी घेऊन या, म्हणाले. दुपारी ४ ला जातोय. आई तयार झाली आहे, पण रेकी सोडायला लावशील का, हे तीनदा विचारून झालं. मला तिची ती तासभराची शांती हिरावून घ्यायची नाही.

दोन गोष्टी सांगाल? ईसीजीबरोबर थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघायला सांगू का? आणि मॅडमशी गोळीबद्दल बोलायचं ते आईसमोर बोलू की आधी एकटीने?