मदत हवी आहे: लेव्हलिंग क्लोजच होईना, उद्या फाईल द्यायचीय

ओम्या_सेकंड_इयर
नमस्कार मंडळी, पॉलिटेक्निकला सिव्हिल डिप्लोमा करतोय. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला लेव्हलिंग (जागांच्या उंचीतला फरक मोजणं) घेतलंय पण क्लोज होईना, म्हणजे शेवटी आलेली उंची माहीत असलेल्या उंचीशी जुळेना. तीनदा गणित केलं, बीएसच्या (बॅकसाइट, मागच्या पॉइंटचं रीडिंग) बेरजेतून एफएसची (फोरसाइट, पुढच्या पॉइंटचं रीडिंग) बेरीज वजा केली की बरोबर येतंय, राइज अँड फॉलनं (चढ-उतार मांडायच्या पद्धतीनं) पण तेच येतंय, तरी सर म्हणायलेत चुकलंय परत बघ. उद्या दुपारी सबमिशन. नेमकं चुकतंय कुठं, लवकर सांगा प्लीज.

लेव्हलवाला_जालना
रीडिंग कुठंयत? फरक किती येतोय? लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) ऑटो होती का डंपी? फिरून त्याच बीएमवर (बेंचमार्क, उंची माहीत असलेली खूण) आलास का एका बीएमवरून दुसऱ्यावर गेलास? हे टाक मग बोलू. आणि बेरजा जुळल्या म्हणजे गणित बरोबर, एवढंच. रीडिंगच चुकीची असली तरी बेरजा जुळणारच.

टोटल_स्टेशन_राजा
टोटल स्टेशन (इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्र) लाव ना भाऊ, एका जागेवरून सगळं होतं, बेरजा-वजाबाक्या काही नको. आता तर मोजणीवाले पण रोव्हर (सॅटेलाइटवरून मोजायचं यंत्र) घेऊन येतात.

ओम्या_सेकंड_इयर
@टोटल स्टेशन, दादा प्रॅक्टिकलच ऑटो लेव्हलचं आहे, मी काय लावणार. फरक 12 सेंटीमीटर. गेटजवळच्या बीएमवरून वर्कशॉपच्या जोत्यावरच्या बीएमवर गेलो, चार सेटअप (चार ठिकाणी लेव्हल लावली).

काळी_माती_लातूर
ट्रायपॉड बसला असणार, शंभर टक्के. आपली काळी माती पावसात कशी होते माहितीय ना. बीएस घेतलं आणि एफएस घेईपर्यंत इन्स्ट्रुमेंट खाली बसलं की एफएस कमी येतं आणि आरएल (काढलेली उंची) वाढतो. तुझा आरएल जास्तच येत असणार बघ. मी औशाच्या साईटवर हेच भोगलंय, पायाखाली दगडी चिपा ठेवल्या तेव्हा कुठं जमलं.

ओम्या_सेकंड_इयर
हो जास्तच येतोय! 103.415 यायला पाहिजे, 103.535 येतोय. पण आमच्या ग्राउंडवर मुरूम टाकलाय.

लेव्हलवाला_जालना
@काळी माती, चार सेटअपमधे 12 सेंटीमीटर म्हणजे दरवेळी 3. एवढा ट्रायपॉड बसला तर तिन्ही पाय सारखे थोडेच बसतात, लेव्हलचा बबल (पातळी दाखवणारा बुडबुडा) कुठल्या कुठं जाईल, पोराला दिसणार नाही का? आणि मुरमावर तर नाहीच. ओम्या, रीडिंग टाक, किती वेळा मागू.

पास_झालो_बाबा
सगळे कशाला त्याला छळताय. शेवटचं एफएस 120 मिलिमीटरनी वाढव, आरएल बरोबर 103.415. आमच्या बॅचनं असंच केलं, कुणी बघत नाही.

पैठण_कालवा
बघत नाही म्हणे. मी कालव्याच्या कामावर अकरा वर्षं काढलीत. पैठणचा डावा कालवा 208 किलोमीटर आहे, पार परभणीकडं जातो. मोठ्या कालव्याला उतार किलोमीटरला दहा-वीस सेंटीमीटर, आणि तू दीडशे मीटरात बारा सेंटीमीटर झाकायला शिकवतोस. पुढं हेच पोरगं साईटवर लेव्हल धरणारे, पाणी टेलपर्यंत (कालव्याच्या शेवटापर्यंत) पोचलं नाही की शेतकरी कुणाच्या नावानं बोंब मारणार? पोरा, असलं काही करू नको. फाईल एक दिवस उशिरा दे.

शेतकरी_काका_हिंगोली
मोजणीचं चाललंय म्हणून विचारतो. आमच्या वडिलांच्या नावानं 1954 च्या खासरा पाहणीत (जमिनीच्या जुन्या नोंदीत) 5 एकर 20 गुंठे आहेत आणि आता सातबाऱ्यावर 2 हेक्टर 10 आर. जमीन कमी झाली का? कुणाकडं जावं?

नांदेडी_सर्व्हेअर
काका, 5 एकर 20 गुंठे म्हणजे 220 गुंठे. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, म्हणजे एका आरपेक्षा जरासा जास्त. 220 गुंठ्यांचे साधारण 2 हेक्टर 22.6 आर होतात, साडेबारा आर कमी दिसतायत. पण आधी सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा लिहिलाय का बघा, ते मिळवून बेरीज जुळते पुष्कळदा. नाही जुळली तर वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.
ओम्या, तुझी स्टाफ (रीडिंग घ्यायची आकडे लिहिलेली उभी पट्टी) कललेली असणार. कलली की रीडिंग वाढतंच, कमी कधी होत नाही, म्हणून धरणाऱ्याला हळू पुढं-मागं डोलवायला सांगायचं आणि सगळ्यात कमी रीडिंग लिहायचं. आयटीआयला आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं हे, डिप्लोमावाले डायरेक्ट फॉर्म्युल्यावर जातात.

टोटल_स्टेशन_राजा
आयटीआय विरुद्ध डिप्लोमा परत सुरू. भूकरमापकच्या 2021 च्या भरतीला दोन्ही चालत होतं की, मग वाद कशाचा.

ओम्या_सेकंड_इयर
भरतीचं नंतर बघा ना प्लीज. हे घ्या:
सेटअप 1: बीएस 2.680, एफएस 0.640
सेटअप 2: बीएस 2.415, एफएस 0.855
सेटअप 3: बीएस 1.210, एफएस 1.345
सेटअप 4: बीएस 1.325, एफएस 1.255
सुरुवातीचा आरएल 100.000. दोन्ही बाजूला वीस-वीस मीटर पावलांनी मोजून घेतलं होतं, त्यामुळं कोलिमेशन एरर (दुर्बिणीची नजर बरोबर आडवी नसल्याची चूक) कटतो म्हणून सर म्हणाले. आणि दुसऱ्या ग्रुपचं याच लाईनवर क्लोज झालं, म्हणजे बीएम बरोबर आहेत.

लेव्हलवाला_जालना
हे पहिल्याच पोस्टमधे का नाही सांगितलंस! दुसऱ्या ग्रुपची लेव्हल तीच होती का? स्टाफ?

ओम्या_सेकंड_इयर
लेव्हल तीच होती. स्टाफ वेगळी. त्यांची नवी, आम्हाला जुनी ॲल्युमिनियमची ओढून लांब करायची मिळाली. पण आकडे तर सारखेच असतात ना?

लेव्हलवाला_जालना
आता नीट वाच. तुझी अंतरं धरून लाईन 160 मीटर. साध्या लेव्हलिंगला 24 गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ एवढे मिलिमीटर चालतात, 0.16 चं वर्गमूळ 0.4, म्हणजे साडेनऊ-दहा मिलिमीटर. तुझे 120, म्हणजे बारीकसारीक चूक नाही, एक काहीतरी ठोक चुकलंय. आठ रीडिंगमधे दोनच दीड मीटरच्या वर आहेत, 2.680 आणि 2.415, दोन्ही बीएस. 120 भागिले दोन, 60. माझं म्हणणं, स्टाफचा दुसरा तुकडा पूर्ण वर ओढला गेला नाही, सहा सेंटीमीटर आत राहिला. तसं झालं की वरचे आकडे खाली सरकतात आणि रीडिंग तेवढं जास्त येतं. बीएस जास्त तर आरएल जास्त. कललेल्या स्टाफनं एवढा फरक पडायला ती बारा अंश कलायला पाहिजे, ते वीस मीटरवरून आंधळ्याला पण दिसेल.

नांदेडी_सर्व्हेअर
हे पटतंय. पण डोलवायचं तरी सोडू नको.

काळी_माती_लातूर
मुरूम असला तरी मला ट्रायपॉडच वाटतो. बघा उद्या.

लेव्हलवाला_जालना
सकाळी स्टाफ उभी करून जोडावर बघ. खालच्या तुकड्याचा शेवटचा आकडा आणि वरच्याचा पहिला आकडा सलग आहे का. टेप लावून बुडापासून दोन मीटर मोज, तिथं 2.00 च दिसायला पाहिजे. आणि कागदावर 60 वजा करून देऊ नको, रीडिंग परत घे.

ओम्या_सेकंड_इयर
झालं!! सकाळी आठलाच गेलो. जोडावर 1.50 संपतंय आणि वर एकदम 1.56 सुरू. मधले सहा सेंटीमीटर आतच. मागचं स्प्रिंगचं बटण मातीनं गच्च भरलेलं, वाळून दगड झालेली काळी माती, बटण भोकातून बाहेरच येईना. कंपासच्या टोकानं कोरून काढली तेव्हा टक्कन आवाज आला आणि तुकडा बसला. काल तो आवाज आलाच नव्हता, आम्ही घट्ट लागलं म्हणून सोडून दिलं होतं. टेप लावला, दोन मीटरला 2.00. सरांना सांगून सगळं परत घेतलं, 103.419 आलं, चार मिलिमीटर. दादा खरंच खूप खूप धन्यवाद, रात्रभर झोप नव्हती.

पैठण_कालवा
शाब्बास. पण माती त्या बटणात एका दिवसात भरत नसते. तुमच्या आधी त्या स्टाफवर किती ग्रुपनं रीडिंग घेतलीत? त्यांना सांगितलं का?

ओम्या_सेकंड_इयर
तीन ग्रुपनं, तिघांना सांगून आलो. त्यातल्या एकाची फाईल तपासून पण झाली होती, तो परत घेतो म्हणाला. स्टोअरच्या मामांनी स्टाफला लाल चिंधी बांधून बाजूला उभी केलीय, बटण बदलेपर्यंत कुणाला देणार नाहीत.