फोल्डिंग सायकल बॅगेतून मुंबईला

प्रेषक: स्लाऊकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात इंग्लंडहून विमानाने मुंबईला जातोय. यंदा ब्रॉम्प्टन, म्हणजे माझी घडीची सायकल, सोबत न्यायची म्हणतोय. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आणि आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी. घरच्यांच्या मते हे खूळ आहे, पण परवानगी मिळालीय. अडलंय ते बॅगेपाशी. घरातली सगळ्यात मोठी बॅग ७५ सेंटिमीटर उंच, तरी सायकल आडवी-उभी कशीही घातली तरी झाकण लागत नाही. कुणी नेली आहे का? नुसत्या खोक्यात घालून दिली तर चालेल?

---

प्रेषक: रेडिंगकर
उत्तर: स्लाऊकर

दादा, तुमची बॅग उंच आहे, पण रुंद नाही. तिथेच घोडं पेंड खातंय. ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६४५ × ५८५ × २७० मिलिमीटर, म्हणजे तिन्ही बाजू मिळून १५० सेंटिमीटर. बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा १५८ सेंटिमीटरची, आणि त्यात बॅगेची चाकं नि मूठही धरतात. म्हणजे बॅगेची जाडी, चाकं आणि आतलं फोम या सगळ्याला मिळून ८ सेंटिमीटर. आपल्या नेहमीच्या बॅगा ७५ × ५२ × ३१ अशा असतात. बेरीज १५८च, पण ५२च्या रुंदीत ५८ कसे मावणार? बॅग चौकोनीच हवी, म्हणजे जवळजवळ उंचीइतकीच रुंद. दुकानात जाताना टेप घेऊन जा आणि आतलं माप घ्या, लेबलवरचं नको.

वजनाची काळजी नको. सायकल ११-१२ किलो, बॅग ५ किलो, म्हणजे २३ किलोत कपड्यांना ६-७ किलो उरतात. ते कपडेच भोवती कोंबायचे. मात्र चेनच्या बाजूला जुनी चादर आधी, नाहीतर भाचीला नेलेल्या फ्रॉकवर ग्रीसची नक्षी उमटेल.

मोडतं काय, ते नीट बघा. फ्रेम सहसा मोडत नाही, बाहेर डोकावणारं मोडतं. बिजागरीचे दोन्ही क्लॅम्प लिव्हरसकट पूर्ण काढा, एका पिशवीत घालून ती फ्रेमला बांधा. सीट काढा, पण सीटची दांडी खाली ढकललेलीच राहू द्या, कारण तीच घडी अडकवून ठेवते. वर एक पट्टा आवळा. खोक्याच्या मी विरोधात आहे. पावसात धावपट्टीवर पडून राहिलं की पुठ्ठ्याचा लगदा होतो.

---

प्रेषक: हॅरोकर

मंडळी, मध्येच बोलतो. टायरमधली हवा पूर्ण सोडायला विसरू नका, वर गेल्यावर फुटतात. आणि माझ्याकडे बॅटरीवाली फोल्डिंग आहे, तीही अशीच नेता येईल ना? शिवाय धाकट्याची वीस इंची चाकांची आहे, ती मावेल का?

---

प्रेषक: रेडिंगकर
उत्तर: हॅरोकर

काका, टायर फुटत नाहीत. सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब राखतात, तो फार तर २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरतो. ज्या टायरमध्ये ८०-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा आहे, त्याला ३-४ पीएसआयने काय होणार? पण काउंटरवर विचारतात, म्हणून थोडी सोडा. पूर्ण सोडलीत तर आपटल्यावर मार थेट रिमला बसेल.

बॅटरीचं मात्र विसरा. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १६०पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे प्रवासी विमानात नाहीच. सायकलची बॅटरी सहसा ३००च्या आसपास किंवा वरच असते.

वीस इंची घडीची बेरीज सहज १७५च्या पुढे जाते. ती न्यायची तर चाकं काढणं आलं. मग फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर हवा, नाहीतर वरून वजन पडलं की ती टोकं आत वाकतात. नव्या सायकलींसोबत हे स्पेसर येतात आणि दुकानदार ते कचऱ्यात टाकतात, मागितलेत तर फुकट मिळतील. गिअरचा मागचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) खोलून फ्रेमच्या आत बांधा. पेडल काढताना डाव्याचे आटे उलटे आहेत हे लक्षात असू द्या. नाहीतर जोर लावून उलट्या बाजूला आवळत बसाल. सगळे पाने बॅगेत, हातसामानात एकही नको. मुंबईहून परतताना सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

---

प्रेषक: स्लाऊकर

ताई, फार उपकार. पंक्चरचं काय करावं? मुरूडला ट्यूब मिळेल?

---

प्रेषक: रेडिंगकर

ब्रॉम्प्टनची नाही मिळणार. तिच्या चाकाच्या रिमचं माप ३४९ मिलिमीटर, आणि आपल्याकडे लहान मुलांच्या सोळा इंची सायकलींचं सहसा ३०५. दोन्हींना सोळा इंचच म्हणतात, म्हणून दुकानदार हमखास 'आहे की साहेब' म्हणून हातात देईल. घेऊ नका, बसणार नाही. इथूनच दोन ट्यूब न्या. हवा मात्र कुठेही भरून मिळेल, व्हॉल्व्ह मोटरसायकलचाच आहे.

माझी चौकोनी बॅग माळ्यावर पडून आहे, जानेवारीपर्यंत लागणार नाही. शनिवारी मराठी शाळेत आणते, तुम्ही सायकल घेऊन या, मावते का तिथेच बघू. एका बाजूचं कुलूप नीट लागत नाही, त्याला पट्टा घालावा लागेल.