मुलगी 'मी आलो' म्हणाली, तर चुकलं काय?

मंगळवार पेठेतली आई
माझी मुलगी गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात वर्गात ओळख करून देताना म्हणाली, "मी कोल्हापूरवरनं आलो." शिकवणाऱ्या बाईंनी मध्येच थांबवून विचारलं, "आलो? मुलगी आहेस ना तू?" वर्ग हसला. पुढं दोन महिने तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. आणि आता फोनवर मला सांगते, "आई, मी जेवले." पुस्तकात तसंच आहे, मला माहीत आहे. तरी ऐकलं की काळजात चर्र होतं.

माझी आजी "मी रानात गेलो" म्हणायची. आई तसंच म्हणायची, मीही म्हणतो. आमच्या गल्लीत त्यामुळं एकाही बाईला कुणी बाप्या समजलेलं नाही. बोलणारी समोर उभी असते, तिचा आवाज ऐकू येतो. मग अर्थात कमी काय पडलं? ही चूक नाही, आमची रीत आहे. सुधारायला निघालेल्यांनी आधी ती समजून घ्यावी, असं मला वाटतं. तुमचं काय म्हणणं?

गडहिंग्लजचा मास्तर
ताई, वर्ग हसला ते वाईटच झालं. पण मी तेवीस वर्षं मराठी शिकवतोय. मुलीनं निबंधात "मी सहलीला गेलो" लिहिलं की मी लाल रेघ मारतो, आणि मारत राहणार. उद्या तिचा पेपर नागपूरचा माणूस तपासेल, मुलाखत मुंबईत होईल. तिथं तिची रीत समजून घ्यायला कुणी बसलेलं नसतं. मार्क जातात ते पोरीचे.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. खेड्यातल्या पोरांना कचेरीत, कोर्टात ताठ मानेनं उभं राहता यावं म्हणूनच ना? त्या जागांची भाषा आली नाही तर दार उघडं असून उपयोग काय? प्रमाण भाषा पुण्याची जहागीर नाही. चंदगडचा आणि गडचिरोलीचा माणूस एकमेकांना कळावेत म्हणून ती लागते.

निपाणीकर
आमच्या घरात मराठी, बाजारात कन्नड. कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' दोन्हींना एकच, 'नानु बंदे'. बाई म्हणो की बाप्या. 'तो आला', 'ती आली' याला मात्र 'बंदनु', 'बंदळु' अशी वेगळी रूपं आहेत. म्हणजे दुसऱ्याबद्दल बोलताना फरक करायचा, स्वतःबद्दल बोलताना करायचा नाही. कोल्हापूरच्या बाईची मराठी बघा, अगदी तीच मांडणी: 'मी आलो', पण 'ती आली'. हे कुणाच्या अडाणीपणातनं येत नाही. त्याला व्यवस्था आहे.

आणि मास्तर, तुमच्या प्रमाण मराठीत 'आम्ही आलो' यात बायका आहेत की पुरुष, कळतं का? 'मी येईन' यात? 'मी भाकरी खाल्ली' यात? तिथं कुणाचं अडत नाही. मग एका 'मी आलो'वरच सगळे का थांबतात?

गडहिंग्लजचा मास्तर
'आम्ही आलो'चा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण भाषेचे नियम नुसत्या तर्कावर उभे नसतात, सगळ्यांनी एक वाट धरण्यावर असतात. वर्गात तोंडी उत्तर देताना मी कुणाला अडवत नाही. शुद्धलेखनाचे जे नियम १९६२ साली ठरले ते लिहिण्याचे आहेत. माझी लाल रेघ वहीवर असते, पोरीच्या जिभेवर नाही.

कागलची सून
मी मूळची नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई सारख्या म्हणायच्या, "बस की. खा की. घे की अजून." मला वाटायचं, या चिडून बोलतायत, टोचून बोलतायत. महिनाभर मनात धरून होते. मग कळलं, नुसतं 'बस' म्हटलं तर हुकूम होतो. 'की' लावला की आग्रह होतो. कोशात 'की' शोधला तर 'किंवा' सापडेल, 'तो म्हणाला की' सापडेल. सासूबाईंचा जीव सापडायचा नाही.

एरवी तरी आपण शब्दाचा शब्दशः अर्थ कुठं घेतो? निघताना 'येते' म्हणतो आणि जातो. दुकान बंद करताना 'दुकान वाढवलं', बांगडी फुटली की 'वाढवली'. 'परवा' म्हणजे गेलेला की येणारा, ते पुढच्या क्रियापदावर कळतं. हे सगळं शुद्ध मराठीच आहे. ते जर कळतं, तर मुलीचं 'आलो' का कळू नये?

तालमीतला शिवाजी पेठकर
नाद खुळा बोललासा वैनी! अर्थ वापरात असतोय. आता आमच्यात जिवाभावाच्या दोस्ताला 'ये रांडच्या' म्हणूनच हाक मारायची. बाहेरचा ऐकतोय आणि म्हणतोय, शिवी दिली. शिवी न्हाई ती, माया हाय. अनोळखी माणसाला आम्ही 'अहो पाव्हणं'च म्हणतो. ज्याला हे कळंना त्यानं कोल्हापूरला नावं ठेवू नयेत.

शिरोळची
दादा, इथं मी तुमच्या विरोधात. आत्तापर्यंत सगळ्यांचं पटत होतं म्हणून गप्प होते.

माझी आई एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. घरासमोरच्या कट्ट्यावर पोरं तुमच्या त्या मायेच्या हाका मारत बसायची. ती दार लावून घ्यायची. पोरांच्या मनात काही नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. पण तो शब्द तिच्या नावानं होता. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांनी मिळून अर्थ ठरवला म्हणता. जिच्यावरनं तो शब्द निघाला तिला कुणी विचारलं? आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. सगळ्या राज्यानं त्याची दखल घेतली. त्याच जिल्ह्यात विधवेवरनं आलेली शिवी मायेची म्हणून मिरवायची? बोलीचा अभिमान मलाही आहे. 'लई' म्हणा, 'काय लागा' म्हणा, 'मर्दा' म्हणा. शब्द काय कमी आहेत?

तालमीतला शिवाजी पेठकर
ताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पण लहानपणापासनं तोंडात बसलेलं हाय ते. दोस्ताला त्याशिवाय हाक मारली तर तो विचारतोय, "काय रं, रुसलास व्हय?" ठराव करून जीभ वळत न्हाई.

शिरोळची
हेरवाडलाही लोक हेच म्हणाले असतील. कुंकू पुसायची सवय तर शेकडो वर्षांची होती.

मंगळवार पेठेतली आई
या दोन गोष्टी एका मापानं मोजू नका, एवढीच विनंती. 'मी आलो'नं कुणाचा अपमान होत नाही, कुणी दार लावून घेत नाही. शिरोळच्या ताईंनी सांगितलं ते वाचून मी गप्पच बसलो. तो शब्द आमच्याही घरात आहे, माझ्या भावाच्या तोंडात. त्याला हे वाचायला देणार आहे.

मास्तर, तुमच्यावर राग नाही. काल रात्री लेकीला सरळ विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "बाहेर 'आले' म्हणायला मला जड जात नाही आई, शिकलो मी ते. पण बाईंनी वर्ग सुटल्यावर एकटीला सांगायला पाहिजे होतं."

गडहिंग्लजचा मास्तर
बरोबर बोलली पोरगी. सातवीच्या वह्या समोर आहेत. तिघींनी 'गेलो' लिहिलंय, रेघा मारून झाल्यात. त्या खोडत नाही, लिहिताना 'गेले'च हवं. तिघींना मधल्या सुट्टीत बोलावून सांगतो, की घरी आजीशी बोलता तसंच बोलत राहा.