मदत हवी आहे : नवशिक्या मुलांसाठी क्रोशाचा छोटा नाताळमोजा, टाच कोणत्या पद्धतीने शिकवावी?

नमस्कार.

मी नागपूरला राहते आणि रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील काही मुलामुलींना घरीच क्रोशाकाम शिकवते. साखळी, मुका खांब (बुटका, घट्ट टाका) आणि साधा खांब (त्याहून उंच, सैल टाका) एवढे टाके आता त्यांच्या हातात बसले आहेत. सरळ ओळींच्या पट्ट्या आणि लहान चौकोनी रुमाल ती कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण करतात. त्यांच्यापैकी एका मुलीच्या घरी नाताळ साजरा होतो. तिच्या घरच्या झाडावर टांगण्यासाठी प्रत्येकाने स्वतः विणलेला एक छोटा मोजा द्यायचा, असे या मुलांनी आपसांत ठरवले आहे. त्यासाठी कोणती पद्धत निवडावी, याबद्दल येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

माझा हात प्रामुख्याने सुती दोऱ्यावर आणि बारीक पोलादी सुईवर चालतो. तोरणे, थालपोस, टेबलावरचे रुमाल ही सगळी कामे सपाट असतात. खळ देऊन, टाचण्या लावून ती ताणून वाळवली की विणीतला लहानसहान फरक दिसेनासा होतो. मोजा मात्र पोकळ असतो आणि मध्येच काटकोनात वळतो. नवशिक्याची सगळी अडचण त्या वळणावर, म्हणजे टाचेपाशी, एकवटलेली असते.

मोजा वरच्या काठाकडून सुरू केला, तर नळी गोल विणून झाल्यावर अर्ध्या टाक्यांवर मागेपुढे ओळी विणून टाचेची पट्टी काढायची, तिला वळण द्यायचे आणि मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलत पुन्हा गोल विणायला लागायचे, ही रूढ पद्धत आहे. कडेवरून टाके उचलणे हाच यातला अवघड भाग आहे. ओळीच्या माथ्यावर टाक्याचे दोन धागे साखळीसारखे स्पष्ट दिसतात. कडेला तसे काही दिसत नाही, तेथे नुसत्या गाठी आणि फटी असतात. त्यामुळे एक मूल सुई एका जागी घालते, दुसरे दुसऱ्या जागी, दोघांची टाक्यांची संख्या वेगळी भरते आणि पट्टी जेथे संपते त्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढे भोक राहते. ते भोक मागाहून दोऱ्याने शिवून बुजवता येते, परंतु विणण्यातच ते राहू नये अशी माझी इच्छा आहे.

दुसरी अडचण मापाची आहे. नाताळच्या मोज्याच्या टोकाशी एक संत्रे ठेवण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत आहे. संत निकोलसाने एका गरीब पित्याच्या तीन मुलींच्या लग्नासाठी घरात गुपचूप टाकलेले सोने वाळत घातलेल्या मोज्यांत जाऊन पडले, अशी आख्यायिका आहे आणि संत्रे हे त्या सोन्याचे प्रतीक मानले जाते. ही गोष्ट सांगितल्यापासून मुलांनी संत्र्याचाच आग्रह धरला आहे. नागपुरात डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची संत्री बाजारात असताना तो आग्रह मोडणे मलाही पटत नाही. परंतु मध्यम आकाराच्या संत्र्याचा घेर टेपने मोजला, तर तो २१ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. ४ मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर घेऊन मी मुक्या खांबाचा नमुना विणला. त्यात १० सेंटीमीटरमध्ये १७ टाके बसतात. म्हणजे २४ टाक्यांचा मोजा जेमतेम १४ सेंटीमीटर घेराचा होईल आणि संत्र्यासाठी किमान ३६ टाके लागतील. एवढा मोजा नवशिक्याच्या हातून नाताळच्या आत पूर्ण होईल का, याची मला काळजी वाटते.

तेव्हा नवशिक्यांसाठी टाचेची कोणती पद्धत योग्य आहे, कोपऱ्यातले भोक विणतानाच कसे टाळावे आणि संत्र्याचे वजन पेलण्यासाठी विणीत काय काळजी घ्यावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, आपण मुलांना गोल विणायला शिकवलेले नाही, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. तसे असेल, तर या वर्षी टाच विणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा मोजा कोणाच्या पायात जाणार नाही. पायात घालायच्या मोज्याची शिवण टाचेला टोचते, म्हणून तो अखंड विणावा लागतो. टांगायच्या मोज्याला ती अट नाही.

इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे दोन सपाट तुकडे विणून कडेने जोडावेत. लहान मोज्यासाठी १३ साखळ्या घालाव्यात, सुईकडून दुसऱ्या साखळीत पहिला टाका घेऊन १२ मुके खांब विणावेत आणि अशा १४ ओळी कराव्यात. चौदावी ओळ संपली की दोरा न तोडता त्याच टोकाला ९ साखळ्या वाढवाव्यात, काम वळवून पुन्हा दुसऱ्या साखळीपासून विणत यावे. साखळीवरचे ८ आणि नळीवरचे १२ मिळून २० टाके होतात. या २० टाक्यांवर ८ ओळी विणल्या की पाऊल तयार होते. शेवटच्या दोन ओळींत दोन्ही टोकांना दोन-दोन टाके एकत्र विणले, तर बोटांकडची आणि टाचेकडची बाजू आपोआप गोलसर होते. आपल्या मापाने हा मोजा सुमारे ११ सेंटीमीटर उंच होईल आणि दोन्ही तुकड्यांना मिळून २५ ग्रॅमच्या आत लोकर पुरेल.

दुसरा तुकडा उलट दिशेने विणावा लागेल का, असा प्रश्न मुले विचारतील. तशी गरज नाही. मागेपुढे विणलेल्या मुक्या खांबाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. दोन्ही तुकडे एकाच कृतीने विणून एक पालथा घातला की जोडी जुळते.

एक सूचना मात्र आग्रहाने करते. नवशिक्याचा तुकडा वर जाता जाता निमुळता होतो, कारण ओळीचा शेवटचा टाका सुटतो. ओळ वळवताना घातलेली एक साखळी टाका म्हणून मोजायची नसते आणि वळल्यावर अगदी पहिल्याच टाक्यात सुई घालायची असते. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण अडकवून ठेवावी आणि प्रत्येक ओळीत ती वर सरकवावी. हाताला सवय होईपर्यंत ओळ संपली की टाके मोठ्याने मोजायला सांगावे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. तुकडा पालथा घालून जोडी जुळते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्यामुळे कृती एकच राहते आणि शिकवणे फार सोपे होते. मुलांना गोल विणणे अजून शिकवलेले नाही, हा आपला तर्क बरोबर आहे. वर्गातील थोरल्या दोन मुलींना मात्र ते येते आणि त्यांना अखंड मोजाच विणायचा आहे. त्यांच्यासाठी टाचेचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

प्रतिसाद २

थोरल्या मुलींना मागाहून भरायची टाच शिकवावी. मी अनेक वर्षे खरे, पायात घालायचे मोजे याच पद्धतीने विणत आले आहे. तिच्यात कडेवरून टाके उचलण्याचा प्रसंगच येत नाही.

सुरुवात बोटांकडून करावी. पहिल्या फेरीत ६ मुके खांब घ्यावेत आणि पुढील प्रत्येक फेरीत सारख्या अंतराने ६ टाके वाढवत १२, १८, २४, ३० आणि शेवटी ३६ टाक्यांपर्यंत यावे. मग वाढ थांबवून पावलाच्या लांबीएवढ्या सरळ फेऱ्या विणाव्यात. टाचेच्या जागी पोहोचल्यावर १८ साखळ्या घालाव्यात, खालचे १८ टाके तसेच सोडून द्यावेत आणि पुढच्या टाक्यात मुका खांब घेऊन फेरी पूर्ण करावी. मोज्याच्या मागच्या बाजूला तोंडासारखी एक आडवी फट तयार होते. तिच्याकडे लक्ष न देता साखळीवरचे १८ आणि समोरचे १८ असे ३६ टाके धरून नळी पूर्ण विणावी. ही साखळी मुद्दाम सैल घालावी, कारण ती आवळली तर मोजा नेमका घोट्यापाशी दाटतो आणि संत्रे तेथेच अडकते. साखळीवरची पहिली फेरी विणताना तिचा एकच धागा उचलावा, म्हणजे दुसरा धागा टाचेसाठी मोकळा राहतो.

नळी झाली की फटीभोवती नवा दोरा जोडावा. खालचे १८ आणि वरचे १८ टाके विणावेत. फटीच्या दोन्ही कोपऱ्यांत, जेथे आपले ते भोक पडते, तेथे शेजारच्या टाक्याच्या उभ्या दांडीत, म्हणजे त्याच्या माथ्याखालच्या उभ्या भागात, सुई घालून एक-एक जादा टाका घ्यावा. टाके ३८ होतील. पुढच्या फेरीत हा जादा टाका शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणला, की संख्या पुन्हा ३६ होते आणि कोपरा आवळून बंद होतो. टाका उभ्या दांडीतून घेतल्यामुळे तेथे आधार मिळतो. कोपरा ओलांडून नुसते पुढे गेले, तर दोन टाक्यांमधला दोरा लांबतो आणि तोच भोकासारखा दिसतो.

त्यानंतर प्रत्येक फेरीत दोन्ही कोपऱ्यांच्या आजूबाजूला एक-एक, असे एकूण चार टाके घटवावेत. ३२, २८, २४, २० करत १६ उरले की फट सपाट घडीत धरून समोरासमोरचे ८-८ टाके सुईने शिवून टाकावेत. टाच पांढऱ्या लोकरीने भरली, तर ती उठून दिसते.

फेरी न जोडता विणत गेल्यास मुक्या खांबाचे टाके उजव्या हाताने विणणाऱ्याच्या कामात हळूहळू उजवीकडे सरकतात. फेरीच्या आरंभाची खूण पाहून फट ठेवली, तर टाच पावलाच्या एका कुशीला येऊ शकते. म्हणून त्या फेरीआधी मोजा टेबलावर सपाट ठेवून मध्य डोळ्यांनी ठरवावा.

संत्र्याबद्दल सांगायचे, तर साधा खांब अजिबात वापरू नये. खांबाची वीण उंच आणि सैल असते. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचे फळ आत ठेवून मोजा टांगला की तो लोंबतो आणि खांबांमधून फळ दिसू लागते. मुका खांब, तोही थोडा घट्ट, हेच योग्य आहे. टांगण्याचा फास २० साखळ्यांचा घालून त्यावरून स्लिप स्टिचची (सर्वांत बुटक्या, सरकत्या टाक्याची) एक ओळ परत आणावी आणि त्याची टोके केवळ काठाला न बांधता मागच्या बाजूने तीन-चार फेऱ्या खालपर्यंत ओवून घ्यावीत.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांत कृती पूर्ण आली आहे. मी फक्त सामानाविषयी लिहितो.

मुलांसाठी गडद मरून लोकर घेऊ नये. गडद रंगात टाक्याचे दोन धागे वेगळे दिसत नाहीत, विशेषतः संध्याकाळी दिव्याखाली. उजळ लाल घ्यावा. काठासाठी केसाळ, फरसारखी पांढरी लोकर दुकानदार हमखास दाखवतो, पण तिच्यात टाका दिसतच नाही आणि उसवणेही कठीण जाते. साधी पांढरी लोकरच घ्यावी. लाल संपवून पांढरा सुरू करताना लालच्या शेवटच्या टाक्यातला अखेरचा वेढा पांढऱ्याने ओढावा, म्हणजे रंगाची सीमा स्वच्छ येते.

आपल्याला सुती कामाला इस्त्री करण्याची सवय असेल. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवू नये. वीण कायमची लुळी आणि चकचकीत होते. ओलसर करून हाताने आकार द्यावा आणि सावलीत वाळवावे, एवढे पुरते.

मुले मोबाइलवर चित्रफिती पाहून येत असतील, तर आणखी एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवावी. आपला मुका खांब अमेरिकी कृतीत सिंगल क्रोशे या नावाने येतो आणि ब्रिटिश कृतीत त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकी डबल क्रोशे मात्र आपला साधा खांब आहे. ब्रिटिश कृती अमेरिकी अर्थाने विणली, तर मोजा जवळपास दुप्पट उंच होतो. कृतीत सिंगल क्रोशे हा शब्द आढळला, तर ती साधारणतः अमेरिकी समजावी.

धागाकर्ती

तिघांचेही आभार. आपल्या सल्ल्यानुसार मी असे ठरवले आहे. धाकटी मुले १२ टाक्यांचे सपाट तुकडे विणून जोडतील. त्या मोज्यात संत्रे मावणार नाही, म्हणून कागदात गुंडाळलेली संत्रा बर्फीची एक वडी त्यात ठेवायची, असे मी त्यांना सुचवले आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले. थोरल्या दोघी ३६ टाक्यांचे, मागाहून टाच भरलेले मोजे विणतील आणि खरी संत्री त्यांच्या मोज्यांत जातील.

कोपऱ्यातला जादा टाका मी स्वतः एका नमुन्यावर घेऊन पाहिला. उभ्या दांडीत सुई घातल्यावर दोरा किंचित घट्ट ओढला, तर पुढच्या फेरीनंतर बोटाने चाचपूनही फट लागत नाही. दांडीचा एकच धागा सुईवर आला, तर मात्र बारीक चीर राहते. दोन्ही धागे उचलणे आवश्यक आहे. ही पद्धत वापरणाऱ्यांसाठी एवढी भर येथे नोंदवून ठेवते.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रस्ते बंद असतात, त्यामुळे त्याआधीच जाऊन उजळ लाल आणि साधी पांढरी लोकर आणि ४ मिलिमीटरच्या सुया घेऊन येईन. सगळ्या मोज्यांसाठी लाल लोकर एकाच रंगक्रमांकाची मिळावी, म्हणून ती एकदमच घेणार आहे.